पोस्टमनच्या कोटातलं तिकीट

शिवणकामात मास्तरांना कुणी शिकवायला गेलं, की ते गळ्यातली टेप काढून त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घ्या, तुम्ही शिवा, मी बाकावर बसतो." पस्तीस वर्षांत ती टेप एकानंही घेतली नव्हती. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनी, कापायचं लांब टेबल आणि कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा आरसा. पाटीवर नाव नव्हतं, नुसतं 'कोट' एवढंच. शर्ट शिवायला कुणी आलं, तर मास्तर त्याला मागच्या गल्लीचा रस्ता दाखवायचे, आणि तोही अशा आवाजात, की बिचाऱ्याला आपला काही गुन्हा झाला असं वाटावं. गर्विष्ठ? होतेच की. पण कोट असा शिवायचे, की लोक तेवढं पोटात घालायचे.

दुसऱ्या मशिनीवर मास्तरीणबाई. काजं त्यांची, अस्तर त्यांचं, आणि घरातला शेवटचा शब्दही बहुतेक वेळा त्यांचाच. फक्त तो त्या इतक्या हळू बोलायच्या, की मास्तरांना तो आपलाच वाटायचा.

आता मास्तरांची एक गोष्ट बायको सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. तयार झालेला प्रत्येक कोट ते गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी एकदा स्वतः घालायचे आणि बाहेर पडायचे. हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. उस्ताद म्हणायचे, आरशापुढे उभा राहिलेला माणूस खरा नसतो, पोट आत ओढतो, छाती पुढे काढतो. कोट बघायचा तर बसलेल्या, वाकलेल्या, दांडीला लोंबकळलेल्या माणसावर बघ. ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक असलं काही करत नाही, म्हणून मास्तर करायचे. गिऱ्हाईक जाडं असलं तर पोटाला उशी बांधायचे, बारीक असलं तर श्वास धरून बसायचे. जवळचं गिऱ्हाईक असलं तर बाजारातून चक्कर, लांबचं असलं तर गाडीनं. त्याच्या गावच्या स्टेशनवर उतरलं, की वेटिंग रूममध्ये तो कोट काढायचा, ब्रश मारायचा, पिशवीत घडी करून ठेवायचा आणि पिशवीतला आपला जुना कोट अंगात चढवायचा. कॉलर कुठे उचलली जाते, काखेतला बाहीचा मुंढा कुठे धरतो, सगळं तोपर्यंत कळलेलं असायचं. काही खटकलं तर तोच कोट घेऊन आल्या पावली परत.

या सगळ्याला एक कडक नियम होता. गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात हात घालायचा नाही. बाहेरच्या खिशांना तर मास्तरीणबाई कच्चा टाकाच घालून ठेवायच्या, तो गिऱ्हाइकासमोर ओढून काढायचा. आतला खिसा तेवढा मोकळा असायचा, कारण तिथलं अस्तर नाजूक. आणि घोळ झाला तो तिथेच.

पोस्टमन गाडीनं तासाभराच्या अंतरावर, बहिणीसोबत राहायचा. नुकताच निवृत्त झालेला, अंगानं काटक, बोलायला मऊ. पहिल्यांदा माप द्यायला आला तेव्हा त्यानं आधी माफीच मागून घेतली. चाळीस वर्षं टपालाची बॅग डाव्या खांद्यावर, त्यामुळे तो खांदा दोन बोटं खाली गेलाय, कोट नीट बसणार नाही, तर मास्तरांनी मनाला लावून घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. मास्तरांनी टेप लावली, दोन बोटं नव्हे, अडीच होती.

"खांदा तुमचा, कोट माझा," मास्तर म्हणाले. "जुळवायचं काम माझं. तुम्ही सरळ उभे राहू नका, जसे आहात तसे उभे राहा."

माप देता देता पोस्टमननं सांगितलं, की हा त्याचा पहिला कोट. तसे कोट त्यानं जन्मभर घातले होते. लहानपणी थोरल्या भावाचे, नोकरीत खात्याचे. खात्याचा कोट म्हणजे आधीचा माणूस गेला की पुढच्याच्या अंगावर, कॉलरच्या आत मागच्या तिघांचे नंबर खोडलेले. आता पुढच्या महिन्यात जुन्या ऑफिसातले लोक त्याचा सत्कार करणार होते, आणि त्यानं मनाशी ठरवलं होतं, की त्या दिवशी अंगात असा कोट हवा जो आपल्याआधी कुणीच घातलेला नाही. हे ऐकताना मास्तर खांद्याचा आकडा लिहीत होते. मास्तरीणबाईंनी मात्र मशीन थांबवून नवऱ्याकडे पाहिलं.

"बघताय ना," पोस्टमन गेल्यावर त्या म्हणाल्या. "हा एक कोट तुम्ही नका घालू."

मास्तर म्हणाले, हाच तर घालायला हवा, अडीच बोटांचा खांदा आरशात कसा कळणार? बाईंनी मशीन पुन्हा सुरू केली.

कोट झाला. मास्तरांनी आपल्या उजव्या खांद्यावर कापडाच्या घड्यांचा पॅड बांधला, म्हणजे डावा आपोआप खाली दिसेल, आणि परतीचं तिकीट काढून सकाळच्या गाडीत चढले. मुद्दाम उभे राहिले. डावा हात वरच्या दांडीला लावून मुंढा ताणून बघत होते, तेवढ्यात तिकीट तपासणारा आला. त्यानं जायच्या बाजूला भोक पाडून तिकीट परत दिलं, आणि मास्तरांच्या रिकाम्या उजव्या हातानं ते जिथे माणूस आपल्या कोटात तिकीट ठेवतो तिथेच ठेवून दिलं. त्यांचं सगळं लक्ष मुंढ्यात होतं, आणि मुंढा असा जमला होता, की त्यांना स्वतःचाच हेवा वाटत होता.

त्या लहान स्टेशनच्या फाटकावर तिकीट बघायला कुणी नव्हतं, वेटिंग रूममध्ये नेहमीसारखी कोटांची अदलाबदल झाली, आणि पोस्टमनच्या घरी कच्चे टाके ओढले गेले. कोट त्याच्या अंगावर चढला आणि खांदे सारखे झाले. पोस्टमन आरशापुढून हलेना. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "अगदी कोरा कोट, मास्तर." मास्तर एवढंच म्हणाले, की आठ दिवस अंगात वागवा आणि मग एकदा दुकानात येऊन दाखवून जा, मला बघायचाय. पोस्टमन 'बघू' म्हणाला. पेन्शन नुकतंच सुरू झालेलं, कोटानंच खिसा रिकामा केलेला, त्यामुळे त्या 'बघू'चा अर्थ मास्तरांना कळला.

परतीच्या गाडीत तपासायला एक टीसीबाई आल्या. मास्तरांनी ऐटीत आतल्या खिशात हात घातला. खिसा रिकामा. दुसरा खिसा, पिशवी, पुन्हा पहिला खिसा. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला, तिकीट पोस्टमनच्या कोटात राहिलं.

"तिकीट मी काढलंय," ते म्हणाले. "तिकीट माझंच आहे. फक्त आत्ता ते माझ्याजवळ नाही."

"मग कुणाजवळ आहे, काका?"

प्रश्न अगदी सरळ होता, हो! आणि उत्तरही सरळ होतं. पण समोरच्या बाकावर गल्लीतला घड्याळजी बसला होता. घड्याळजी म्हणजे गल्लीचा लाउडस्पीकर. त्याच्या कानावर पडलं असतं, की मास्तर गिऱ्हाइकांचे नवे कोट घालून फिरतात, तर दिवे लागायच्या आत घरोघरी झालं असतं, आणि तिथून पोस्टमनपर्यंत पोचायला कितीसा वेळ? जन्मात पहिल्यांदा हा माणूस निरुत्तर झाला, आणि ज्याच्याकडे उत्तर नाही तो चोर, असं डब्यातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं.

टीसीबाई भल्या होत्या. आवाज न चढवता त्यांनी दंडाची चिठ्ठी फाडली आणि समजावून सांगितलं. पंधरा दिवसांत दंड भरा, नाहीतर तेवढ्याच दिवसांत ते तिकीट आणून दाखवा आणि अर्ज करा, दंड माफ होईल. चिठ्ठीवर कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'विनातिकीट प्रवास'. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं ते म्हणाले, की तिकीट पंधरा दिवसांच्या आत खिडकीवर येईल, बोलून ठेवतो. घड्याळजीनं मान डोलावली, आणि तीही अशी, की मास्तरांच्या मस्तकाला मुंग्या आल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीला सगळं कळलेलं होतं. येता-जाता लोक आत डोकावायचे. काय मास्तर, फुकट गाडी बरी होती का? मास्तर, आता कोटाला तिकिटाचा वेगळा खिसा लावा. मास्तर वरून ताठ. तिकीट येतंय, बघालच, एवढं एकच बोलायचे. पण टेबलापाशी गेले, की खडूची रेघ मारायचे आणि पुसायचे, पुन्हा मारायचे. हा माणूस कधी रेघ पुसणाऱ्यांतला नव्हता. दंडाची रक्कम काही फार मोठी नव्हती, कोटाच्या बटणांवर याहून जास्त खर्च होई. त्यांना डाचत होतं ते चिठ्ठीवरचं. भरला म्हणजे कबूल केलं, की मी फुकट्या आहे.

"मग पोस्टमनला पत्र टाका, तिकीट पाठव म्हणून," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आणि काय लिहू? तुझा कोरा कोट आधी मी घातला होता?"

"मग भरून टाका."

"भरायचा नाही."

"सांगायचं नाही आणि भरायचंही नाही," बाईंनी दोरा दातानं तोडला. "तिसरं काही सुचलं की मला उठवा."

तिसरं काही सुचलं नाही. मास्तरांनी अर्ज तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. प्रत्येक वेळी 'तिकीट सध्या' इथपर्यंत गाडी नीट यायची आणि पुढे अडायची. त्यात डोळ्यांपुढे सारखा तो आरशापुढे उभा राहिलेला माणूस. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी कात्री टेबलावर ठेवली आणि जाहीर केलं, की उद्या जातो आणि तोंडावर सांगतो. पोस्टमनला राग आला तर कोट परत घेईन, पैसे परत देईन, दुसरा शिवीन आणि तो अंगाला लावणार नाही. पण तिकीट आणीन. बाई म्हणाल्या, हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर माझ्या आठ दिवसांच्या झोपेचं खोबरं झालं नसतं.

आणि दुपारी दारात पोस्टमन उभा! कोट अंगात, बटणं नीट लावलेली, डावा खांदा उजव्याच्या बरोबरीला. चेहरा असा फुललेला, की मास्तर 'या' म्हणायलाच विसरले. बाकावर बसायच्या आधीच त्यानं सुरुवात केली. तो म्हणाला, मास्तर, माणसं बोलावतात सगळीच. येऊन जा म्हणतात, पण समोरच्याला परवडेल का हे कुणी बघत नाही. तुम्ही तोंडानं काही न बोलता आतल्या खिशात तिकीट ठेवलंत. एक बाजू वापरलेली, परतीची बाजू दहा दिवस चालणारी, बरोबर माझ्या गावाहून तुमच्या गावची. मला तीन दिवसांनी सापडलं. मी आणि बहीण, दोघंही बघतच राहिलो.

मास्तर टेबलाला वळसा घालून पुढे आले. "कुठाय ते?"

"तिकीट? स्टेशनच्या फाटकावर घेतलं की काढून. त्याच्यावरच तर आलो."

दुसऱ्या मशिनीचं चाक थांबलं. मास्तरीणबाई नवऱ्याकडे बघत होत्या, या वेळी शेवटचा शब्द त्याचाच होता. नुसतं हसून 'हो, ठेवलं खरं' म्हणायचं, की प्रकरण मिटलं. पोस्टमन खूश, कोट कोरा, मास्तर उदार. दंड गुपचूप भरला की झालं. दुसरा कुणी असता तर म्हणालाही असता, आणि मी त्याला नावं ठेवली नसती. पण मास्तरांना न केलेल्या कामाची शाबासकी घेता येत नसे. दुसऱ्यानं शिवलेला कोट कुणी त्यांचा समजून वाखाणला, तरी ते भर रस्त्यात उसळायचे.

"ते तिकीट मी ठेवलं नाही," ते म्हणाले. "ते राहिलं. हा कोट तुमच्याआधी मी घातला होता. तासभर. गाडीत."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. उस्तादांचं, उशीचं, पॅडचं, वेटिंग रूमचं. काही लपवलं नाही आणि माफीही मागितली नाही, कारण कोट नीट व्हावा म्हणून जे केलं त्याची माफी मागायची कशी, हे त्यांना येतच नव्हतं. फक्त शेवटी म्हणाले, की तुम्हाला कोरा हवा होता, मला ते ठाऊक होतं, तरी मी घातला. हवा असेल तर दुसरा शिवतो, पैसे नकोत.

पोस्टमनचा चेहरा उतरला. त्यानं एकेक बटण काढलं, कोट उतरवला आणि टेबलावर ठेवला. मास्तरांनी मान खाली घातली. त्यांनी टेप उचलली, नव्यानं माप घ्यायला.

"टेप नको," पोस्टमन म्हणाला. "कसा घातला होता ते दाखवा."

मास्तरांना कळेना. पोस्टमननं पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा बाईच उठल्या, त्यांनी खालच्या खणातून पॅड काढला आणि नवऱ्याच्या उजव्या खांद्यावर बांधला. मास्तरांनी कोट चढवला आणि गाडीत उभे होते तसे, डावा हात वर करून, पाठमोरे उभे राहिले. पोस्टमन त्यांच्यामागे गेला. आपली पाठ माणसाला कधी दिसत नाही. त्यानंही आपला तो खांदा जन्मभर बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरच्या भावातच पाहिला होता. आता तो समोर होता, दुसऱ्या माणसाच्या अंगावर, आणि कोटाखाली त्याचं व्यंग कुठे दिसतच नव्हतं. त्यानं हात पुढे करून कोटाच्या त्या खांद्यावर ठेवला.

"मास्तर," तो म्हणाला, "आजवर मी घातले ते कोट लोकांनी स्वतःसाठी वापरलेले होते. माझ्यासाठी कुणी घातलेला हा पहिलाच."

मास्तर वळले नाहीत. वळले असते तर डोळे दिसले असते, आणि डोळे दाखवणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. मास्तरीणबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा पिताना दंडाची चिठ्ठी निघाली. ती वाचून पोस्टमन उभाच राहिला. चला आत्ताच्या आत्ता, तो म्हणाला, मी साक्ष देतो, लिहून देतो, तिकीट तुमचंच होतं. मास्तरांना एकदम मोठ्यानं हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"परतीचं तिकीट एक होतं," ते म्हणाले. "त्याच्यावर तुम्ही आलात, आणि हक्कानं आलात. म्हणजे त्या दिवशी मी कशावर आलो? विनातिकीटच की!"

पोस्टमननं कोट पुन्हा अंगात चढवला आणि दोघं निघाले. गल्लीत घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्यानं विचारायच्या आतच मास्तर त्याच्या दारात थांबले आणि म्हणाले, दंड भरायला चाललोय, टीसीबाईंचं बरोबर होतं. आणि तसंच मोठ्यानं पुढे सांगितलं, की तिकीट गिऱ्हाइकाच्या कोटात राहिलं, कारण मी प्रत्येक कोट आधी स्वतः घालून बघतो, ज्याला चालत नसेल त्यानं मागच्या गल्लीत जावं. घड्याळजीच्या डोळ्यावरचं भिंग खाली पडलं. त्याला पसरवायला काही उरलंच नव्हतं.

स्टेशनच्या खिडकीवरच्या कारकुनानं चिठ्ठी पाहिली आणि विचारलं, अर्ज करणार होतात ना, तिकीट सापडलं नाही का? मास्तर म्हणाले, सापडलं, पण ते कामी आलं. त्यांनी दंड भरला, पावती नीट घडी करून आपल्या खिशात ठेवली. मग पुन्हा खिडकीत वाकले आणि पोस्टमनच्या गावचं एक तिकीट मागितलं.

पोस्टमन नको नको म्हणत होता. मास्तरांनी ऐकलं नाही. फलाटावर, चार लोकांसमोर, त्यांनी पोस्टमनच्या कोटाचं वरचं बटण काढलं, आतल्या खिशात तिकीट सरकवलं, बटण परत लावलं आणि कॉलर सारखी केली.

"हे मात्र मी ठेवलंय," ते म्हणाले.